सर्व्हर घरचा, परीक्षा कॉलेजची : वाचकांचे प्रश्न

आयटी शिकणाऱ्या वाचकांची पत्रं यावेळी एकत्र घेतली आहेत. कॉलेज आहे, इंटर्नशिप आहे, आणि टेबलाखाली एक सर्व्हर गुणगुणतो आहे. तिघांनाही वेळ हवा. शेवटचा प्रश्न मात्र अशाच एका विद्यार्थ्याच्या आईचा आहे.

प्रश्न : मी तिसऱ्या वर्षाला आहे. दिवसा कॉलेज, आठवड्यातून तीन संध्याकाळी घरूनच इंटर्नशिप. घरच्या सर्व्हरवर डॉकरचे १४ कंटेनर (एकमेकांपासून वेगळे चालणारे प्रोग्राम) चालतात. दर दोन-तीन दिवसांनी काहीतरी मोडतं, ते नीट करता करता रात्रीचे दोन वाजतात आणि सबमिशन राहून जातं. सर्व्हर बंदच करून टाकू का?

उत्तर : बंद करू नका, पण त्याची वाटणी करा. १४ हा आकडा काही फार नाही. ज्या यंत्रावर घरचे फोटो आहेत त्याच यंत्रावर तुमचे प्रयोगही चालतात, खरा घोळ तिथे आहे. प्रयोग फसला की रोजच्या वापराचंही कोसळतं, आणि मग झोप मोडून ते उभं करावंच लागतं.

कागदावर १४ नावं लिहा आणि प्रत्येकापुढे एकच गोष्ट लिहा : हे बंद पडलं तर कुणाच्या, कधी लक्षात येईल? फोटो, पासवर्डची तिजोरी, नोट्स यांच्यापुढे 'त्याच दिवशी' असं येईल. अशी नावं सहसा तीन-चारच निघतात. डॅशबोर्ड, आकडेवारीचे आलेख, 'बघू तरी' म्हणून टाकलेल्या गोष्टी पंधरा दिवस बंद राहिल्या तरी कुणी विचारत नाही. प्रॉक्समॉक्ससारखं काही वापरत असाल तर दोन व्हीएम (एकाच यंत्रातली आभासी यंत्रं) करा. एकाला 'घर' म्हणा, दुसऱ्याला 'अंगण'. यंत्रात १६ जीबी रॅम असेल तर घराला ४, अंगणाला ८, बाकी यजमान यंत्रासाठी. अंगणात काहीही करण्याआधी स्नॅपशॉट (त्या क्षणीच्या स्थितीची प्रत) घ्या, फसलं की मागे फिरा. घराला हात लावायचा तो ठरलेल्या दिवशीच.

आता किती बंद चालेल तेही आकड्यात ठरवा. महिन्याचे ३० दिवस धरले तर ९९.९ टक्के चालू म्हणजे जेमतेम ४३ मिनिटं बंद, ९९ टक्के म्हणजे ७ तास १२ मिनिटं, ९५ टक्के म्हणजे ३६ तास. घराला ९९ पुष्कळ झाले. अंगणाला ९५ ठेवले तरी तो लाडच. एकदा हे ठरलं की रात्री अकराला अंगणातलं काही पडलं तर करायचं एवढंच : वेळ, काय दिसलं आणि लॉगच्या (प्रोग्राम ठेवतो त्या नोंदींच्या) शेवटच्या वीस ओळी एका फाइलमध्ये चिकटवायच्या आणि लॅपटॉप मिटायचा. शनिवारी सकाळी दोन तास या फाइलसाठी. पहिली वीस मिनिटं देखभालीला : डिस्क किती भरली, बॅकअप झाला का, अपडेट राहिले का. उरलेला वेळ प्रयोगांचा. रविवारची रात्र यासाठी कधीच वापरू नका, सोमवारी कॉलेज असतं आणि अर्धवट मोडलेलं काहीतरी आठवडाभर डोक्यात फिरत राहतं.

परीक्षेच्या दहा दिवस आधीपासून शेवटच्या पेपरपर्यंत बदल पूर्ण बंद. कंपन्याही गर्दीच्या हंगामात हेच करतात. सुरक्षेचे अपडेट डेबियन-उबुंटूवर 'अनअटेंडेड अपग्रेड्स' आपोआप टाकतं, तेवढे चालू राहू द्या.

दर दोन-तीन दिवसांनी का मोडतं, याची दोन कारणं तुमच्याकडेही असतील असा आमचा अंदाज आहे.

पहिलं, इमेजचा (ज्या साच्यातून कंटेनर बनतो त्याचा) 'लेटेस्ट' टॅग, म्हणजे आवृत्ती न सांगता 'नवं असेल ते दे' म्हणणं. पोस्टग्रेस या डेटाबेसचं उदाहरण घ्या. काल आवृत्ती १६ होती, आज नवी इमेज ओढताना १७ आली. मुख्य आवृत्ती बदलली की डेटा साठवण्याची मांडणी बदलते, म्हणून १७ जुन्या फोल्डरला हात लावायला नकार देते आणि कंटेनर पुन्हा पुन्हा चालू-बंद होत राहतो. लॉगमध्ये 'डेटाबेस फाइल्स सर्व्हरशी जुळत नाहीत' अशा अर्थाची ओळ स्पष्ट दिसते. डेटा शाबूत असतो. टॅग परत १६ करा, सगळं जागेवर येईल. पुढे सवडीने १६ मधून डंप (डेटाची बाहेर काढलेली प्रत) काढा, १७ साठी नवं रिकामं व्हॉल्यूम (कंटेनरचा डेटा ठेवायची जागा) करा, त्यात डंप भरा. गोंधळ होतो तो घाबरून 'कंपोझ डाऊन' (कंटेनर थांबवून काढण्याची आज्ञा) ला 'व्ही'चा पर्याय जोडल्यावर. तो पर्याय कंपोझ फाइलमधली (कंटेनरांची मांडणी जिथे लिहितात तिथली) व्हॉल्यूमच पुसतो, आणि मग खरोखरच डेटा गेलेला असतो. प्रत्येक इमेजला निदान मुख्य आवृत्तीचा आकडा लिहा आणि 'व्ही' हे अक्षर बोटांच्या सवयीतून काढून टाका.

दुसरं, लॉग. डॉकर मुळात कंटेनरचे लॉग जेसन फाइलमध्ये लिहितो आणि त्यांना मर्यादा घालत नाही. एखादा बडबड्या कंटेनर काही आठवड्यांत डिस्क भरून टाकतो, मग डेटाबेस लिहिणं थांबवतो आणि एकाच वेळी पाच गोष्टी मोडल्यासारख्या दिसतात. डॉकरच्या सेटिंगच्या 'डीमन जेसन' फाइलमध्ये लॉगचा कमाल आकार १० एमबी आणि फाइलींची कमाल संख्या ३ करा. ही मर्यादा फक्त नव्याने बनणाऱ्या कंटेनरना लागू होते. जुने नुसते रीस्टार्ट करून भागत नाही, काढून पुन्हा बनवावे लागतात. इथे बरेच जण 'सेटिंग तर केलं होतं' म्हणत पुन्हा अडकतात.

प्रश्न : पहिला सर्व्हर उभारायचा आहे. घरात जुना लॅपटॉप आहे, जुना डेस्कटॉपही आहे. एक मित्र वापरलेला रॅक सर्व्हर (कंपन्यांमध्ये वापरतात तसा) द्यायला तयार आहे. रास्पबेरी पाय या छोट्या एका-बोर्डाच्या संगणकाचाही विचार आहे. काय निवडावं?

उत्तर : लॅपटॉप. मित्राचे आभार माना आणि रॅक सर्व्हर त्याच्याकडेच राहू द्या.

हिशेब विजेचा आहे. सर्व्हर दिवसाचे २४ तास चालतो, त्यामुळे तो रिकामा बसलेला असताना किती वॅट खातो हे बघायचं. १० वॅट म्हणजे ३० दिवसांत ७.२ युनिट. ६० वॅटचा जुना डेस्कटॉप ४३.२ युनिट. १५० वॅट खाणारा रॅक सर्व्हर १०८ युनिट, वर त्याचे ४० मिलिमीटरचे छोटे पंखे इतक्या वेगात फिरतात की त्या खोलीत अभ्यास होत नाही. प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर मिळाला तर स्वतः मोजा, वीज पुरवणाऱ्या अॅडॉप्टरवर छापलेला आकडा कमाल क्षमतेचा असतो, रोजच्या खर्चाचा नव्हे.

लॅपटॉपला बॅटरी म्हणजे फुकटचा यूपीएस. पण कायम १०० टक्के भरलेली आणि गरम राहिलेली बॅटरी फुगते. बायोसमध्ये (यंत्र सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) किंवा लिनक्समध्ये चार्जिंगची मर्यादा लावता येत असेल तर ६० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान लावा. टचपॅड वर उचलला गेला किंवा झाकण नीट मिटेनासं झालं तर त्याच क्षणी बंद करा आणि बॅटरी काढून घ्या. झाकण मिटलं की यंत्र झोपू नये म्हणून लिनक्समधल्या सिस्टमडीच्या लॉगइनडी सेटिंगमध्ये 'हँडल लिड स्विच'ला 'इग्नोअर' द्या. कपाटात कोंडू नका. वायफायऐवजी केबल लावा.

रास्पबेरी पाय हलक्या कामाला छान आहे, पण दोन गोष्टींवर लोक आपटतात. एसडी कार्डावर डेटाबेस आणि लॉग सतत लिहीत राहिले की कार्ड झिजतं, आणि एक दिवस फक्त वाचता येतं नाहीतर तेही नाही. एसएसडीवरून बूट करा. दुसरं म्हणजे वीजपुरवठा. रास्पबेरी पाय ४ ला ५ व्होल्ट ३ अँपिअर लागतात, रास्पबेरी पाय ५ ला ५ व्होल्ट ५ अँपिअरचा अॅडॉप्टर सुचवलेला आहे. फोनचा चार्जर लावला तर बोर्ड चालू होतो, पण यूएसबी डिस्क मधूनच गायब होते आणि दोष डिस्कवर येतो.

पुढे कधी नवीन घ्यायची वेळ आली तर इंटेल एन१०० प्रोसेसरचा मिनी पीसी बघा. चार कोअर, प्रोसेसरची ठरवलेली मर्यादा ६ वॅट. दहा-पंधरा हलके कंटेनर आणि दोन छोटी व्हीएम तो निवांत ओढतो. घेतल्या घेतल्या बायोसमध्ये 'वीज परत आल्यावर चालू हो' हे सेटिंग लावून टाका.

प्रश्न : इंटर्नशिपमधला टेस्ट सूट (कोड तपासणाऱ्या चाचण्यांचा संच) कंपनीच्या लॅपटॉपवर फार हळू चालतो. घरच्या सर्व्हरवर कोड घेऊन चालवला तर चालेल का? रोजचे दोन तास वाचतील.

उत्तर : नाही. कोड कंपनीचा, त्यातल्या किल्ल्या (पासवर्डसारखी गुपितं) कंपनीच्या, आणि तुमचा सर्व्हर कुणी तपासलेला नाही. काही बिघडलं नाही तरी हे उघड झाल्यावर वाचलेल्या दोन तासांचं कौतुक कुणी करणार नाही. टेस्ट हळू का चालतात ते मोजा (कोणत्या दहा टेस्ट सर्वांत जास्त वेळ खातात हे बहुतेक साधनं एका पर्यायात सांगतात) आणि तो तक्ता मेंटॉरसमोर ठेवा. इंटर्नकडून आलेला असा तक्ता लक्षात राहतो. उलट बाजूही सांभाळा : घरचं व्हीपीएन (दुरून घरच्या नेटवर्कमध्ये नेणारी खाजगी वाट) कंपनीच्या लॅपटॉपवर टाकू नका, आणि ऑफर लेटरमधला बौद्धिक संपदेचा परिच्छेद सही करण्याआधी वाचा. घरचा प्रकल्प घरच्या यंत्रावर, घरच्या वेळेत ठेवलात तर पुढे तो कुणाचा यावर वाद होत नाही.

प्रश्न : कॉलेजमधून घरच्या सर्व्हरला जोडता येत नाही. राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी सर्व्हरकडे वळवणं) केलंय, तीन वेळा तपासलं. घरातून सगळं चालतं.

उत्तर : राउटरचं पान उघडा आणि वॅनचा (इंटरनेटच्या बाजूचा) पत्ता बघा. मग 'माझा आयपी काय' सांगणाऱ्या एखाद्या साइटवर दिसणारा पत्ता बघा. दोन्ही वेगळे असतील तर तुमच्या आणि इंटरनेटच्या मध्ये बहुधा सेवा देणाऱ्या कंपनीचं आणखी एक नॅट (अनेकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवणारी सोय) आहे. वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांनी सुरू होत असेल तर शंकाच नको, हा पट्टा याच कामासाठी राखून ठेवलेला आहे. अशा वेळी तुमच्या राउटरवर कितीही पोर्ट उघडली तरी बाहेरचा माणूस तिथवर पोचतच नाही. (तपासणी राउटरच्या पानावरच करा. टेलस्केल हे व्हीपीएनही याच पट्ट्यातले पत्ते देतं, लॅपटॉपवर बघाल तर फसाल.)

मग पोर्ट उघडायचा नाद सोडा आणि टेलस्केलसारखं जाळीचं व्हीपीएन वापरा. दोन्ही टोकं बाहेरच्या दिशेने जोडतात, त्यामुळे नॅट आड येत नाही. सार्वजनिक आयपी मिळत असेल तर नुसतं वायरगार्ड हे व्हीपीएन पुरतं : यूडीपी या पद्धतीचं एकच पोर्ट, नेहमीचं ५१८२०, आणि किल्ली चुकीची असेल तर ते उत्तरच देत नाही. मात्र अनेक कॉलेजांच्या नेटवर्कवर अनोळखी यूडीपी अडवलेलं असतं. टेलस्केल अशा वेळी ४४३ पोर्टवरच्या रिलेमधून (मधल्या सर्व्हरमधून) जातं, हळू चालतं पण चालतं. कॉलेजच्या नियमांत व्हीपीएनला मनाई असेल तर तिथे फोनचं हॉटस्पॉट वापरा. एका एसएसएचपायी (दुरून सर्व्हरवर आज्ञा देण्याच्या सोयीपायी) नेटवर्कचं खातं गमावण्यात अर्थ नाही.

जोडणी होऊनही काही उघडत नसेल तर दोन जागा बघा. घरचं नेटवर्क १९२.१६८.१.० असेल आणि जिथे बसला आहात तिथलंही तेच असेल, तर लॅपटॉप १९२.१६८.१.१० ला समोरच्या नेटवर्कमध्येच शोधत बसतो. घरचा पट्टा १०.३७.१२.० असा काहीतरी आडवाटेचा ठेवा. दुसरं लक्षण असं : एसएसएच लागतं, छोटं पान उघडतं, पण मोठं पान अर्ध्यावर लटकतं. हा एमटीयूचा, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकाराचा प्रश्न. वायरगार्ड नेहमी १४२० धरतं, ते १२८० करून बघा.

आणि एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण सांगणं भाग आहे. यूएफडब्ल्यू फायरवॉल (नको त्या जोडण्या अडवणारा पहारेकरी) लावून निश्चिंत असाल तर डॉकर त्याला बगल देतो. कंपोझमध्ये '५४३२:५४३२' (पोस्टग्रेसचं पोर्ट) लिहिलं की डॉकर स्वतःचे आयपीटेबल्सचे (लिनक्सच्या फायरवॉलचे) नियम घालतो आणि येणारं पॅकेट यूएफडब्ल्यूच्या साखळीपर्यंत जातच नाही. यूएफडब्ल्यूचा तक्ता 'बंद' म्हणतो आणि पोर्ट उघडं असतं. घरी नॅटच्या मागे हे झाकलं जातं. तीच फाइल उचलून भाड्याच्या व्हीपीएसवर (इंटरनेटवरच्या आभासी सर्व्हरवर) टाकली की डेटाबेस जगाला उघडा. '१२७.०.०.१:५४३२:५४३२' असं लिहा म्हणजे तो यंत्राच्या आतच राहील. कंटेनर आपापसांत बोलणार असतील तर पोर्टची ओळच नको. घरी आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते) चालू असेल तर नॅटच्या भरवशावर राहू नका, तिथे राउटरची फायरवॉल लागते.

एसएसएचला पासवर्ड बंद करून एडी२५५१९ प्रकारची किल्ली वापरा. बदल करताना एक जोडणी उघडी ठेवा, दुसऱ्या खिडकीतून लॉगइन होतं हे बघा, मगच पहिली बंद करा.

प्रश्न : सहा महिन्यांच्या पूर्णवेळ इंटर्नशिपसाठी दुसऱ्या शहरात जातेय. सर्व्हर घरी चालू ठेवू?

उत्तर : घरच्यांच्या रोजच्या वापराचं जेवढं आहे तेवढंच चालू ठेवा, बाकी थांबवा. नव्या नोकरीचे पहिले सहा आठवडे अंगणाकडे (प्रयोगांच्या भागाकडे) बघायला होत नाही, हे आत्ताच धरून चाला.

निघण्याआधी एक रंगीत तालीम करा. घरच्यांना सांगून मुख्य स्विच बंद करा, पाच मिनिटांनी चालू करा, आणि तुम्ही फक्त फोनच्या इंटरनेटवरून सर्व्हर गाठून बघा. इथे बहुतेकांना डिस्क एन्क्रिप्शन (डिस्कला लावलेलं पासवर्डचं कुलूप) आठवतं : सर्व्हर चालू होतो आणि पासफ्रेझची वाट बघत काळ्या पडद्यावर थांबतो. पडद्यासमोर कुणी नाही. यावर तोडगा म्हणजे बूटच्या सुरुवातीलाच ड्रॉपबेअर हा छोटा एसएसएच सर्व्हर चालू करणं, म्हणजे पासफ्रेझ दुरून देता येतो. ते जमत नसेल तर मूळ सिस्टम उघडी ठेवून फक्त डेटाची डिस्क एन्क्रिप्ट करा आणि बूट झाल्यावर दुरून उघडा. एफएसटॅबमध्ये (कोणती डिस्क कुठे जोडायची त्या यादीत) त्या डिस्कपुढे 'नोफेल' लिहायला विसरू नका, नाहीतर एक डिस्क दिसली नाही म्हणून अख्खं यंत्र इमर्जन्सी मोडमध्ये अडतं.

जुन्या यंत्राचा सीआर२०३२ सेल बदलून जा. तो संपला की वीज गेल्यावर बायोसची सेटिंग पुसली जाऊ शकतात, 'वीज आल्यावर चालू हो' हेही त्यातच. घड्याळ मागे गेलं की साइटची सुरक्षा-प्रमाणपत्रं अवैध दिसू लागतात ते वेगळंच.

प्रश्न : दोन डिस्कचं रेड १ (दोन्हींवर एकच मजकूर) आहे. तरी सीनियर म्हणतात तुझ्याकडे बॅकअप नाही. का?

उत्तर : सीनियर बरोबर आहेत. एक डिस्क मेली तर रेड वाचवतं. तुम्ही चुकीचं फोल्डर पुसलंत तर ते दोन्ही डिस्कवर त्याच क्षणी, निष्ठेने पुसतं.

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागा, एक प्रत घराबाहेर. रेस्टिक हे बॅकअपचं साधन यासाठी चांगलं : एन्क्रिप्ट करतं, आणि पुन्हा पुन्हा तोच मजकूर साठवत नाही. रोजच्या ७, आठवड्याच्या ४, महिन्याच्या ६ प्रती ठेवा. पासवर्ड त्याच सर्व्हरवरच्या तिजोरीत ठेवू नका, सर्व्हर गेला की दोन्ही गेले आणि रेस्टिकचा पासवर्ड मागून मिळत नाही. चालू पोस्टग्रेसचं फोल्डर नुसतं कॉपी करू नका, कॉपी होता होता फाइल्स बदलतात आणि प्रत आतून विसंगत निघते. आधी डंप, मग डंपचा बॅकअप.

बॅकअप बहुतेकदा गुपचूप मरतो. क्रॉन (ठरल्या वेळी काम सुरू करणारा) चालतो, डिस्क माउंट (जोडलेली) नसते, महिनोन्‌महिने कुणाला कळत नाही. म्हणून सूचना उलटी लावा : बॅकअप पूर्ण झाल्यावर तो एक निरोप पाठवेल, आणि २६ तासांत निरोप आला नाही तर फोन वाजेल. सेवांवर नजर ठेवणाऱ्या अपटाइम कुमामध्ये 'पुश' प्रकारचा मॉनिटर हेच करतो, फक्त तो दुसऱ्या यंत्रावर हवा. महिन्यातून एकदा एक फाइल परत काढून उघडून बघा, सत्र संपलं की अख्खी सेवा रिकाम्या व्हीएमवर उभी करून बघा.

डिस्कच्या स्मार्ट अहवालात (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीत) ५, १९७ आणि १९८ या खराब जागांच्या तीन ओळींवर नजर ठेवा. १९७ शून्यावरून वर गेली तर आधी डेटा बाहेर काढा. लांबलचक तपासण्या नंतर, धापा टाकणाऱ्या डिस्कला पळवू नये.

प्रश्न : शेवटच्या वर्षाचा प्रकल्प घरच्या सर्व्हरवर चालतो. सादरीकरणही तिथूनच दाखवू का?

उत्तर : लिंक द्या, भरवसा ठेवू नका. दाखवायची प्रत स्वतःच्या लॅपटॉपवर असू द्या. इमेज तिथे वायफायवरून ओढायची वेळ येऊ नये म्हणून 'डॉकर इमेज सेव्ह' करून पेनड्राइव्हवर घ्या. सर्व्हर रास्पबेरी पाय असेल तर ती इमेज आर्म प्रकारच्या प्रोसेसरची आहे, साध्या लॅपटॉपवर 'एक्झेक फॉरमॅट एरर' देऊन पडेल. डॉकरच्या बिल्डएक्सने एएमडी६४ (साध्या लॅपटॉपच्या प्रोसेसरचा प्रकार) साठी वेगळी बांधा. कोडमध्ये कुठे घरचा आयपी लिहून ठेवला आहे का शोधा, हमखास सापडतो, बहुधा फ्रंटएंडच्या एखाद्या विसरलेल्या फाइलमध्ये. दोन दिवस आधी लॅपटॉप एअरप्लेन मोडवर टाकून पूर्ण सादरीकरण चालवा. फॉन्ट आणि जावास्क्रिप्टच्या फाइल्स बाहेरून येत असतील तर तेव्हाच उघडं पडेल. चार मिनिटांचा व्हिडिओही करून ठेवा.

प्रश्न : बायोडाटात होम सर्व्हर लिहावा का? माझ्याकडे २३ सेवा चालतात. कुबरनेटिसही (अनेक यंत्रांवरचे कंटेनर सांभाळणारी प्रणाली) शिकून टाकू का, वजन वाढेल?

उत्तर : लिहा, पण २३ नावांची यादी नको. वाचणाऱ्याला एवढंच कळतं की तुम्हाला कंपोझ फाइल चिकटवता येते. त्याऐवजी असं काही : 'डेबियनवर ६ सेवा. अॅन्सिबलने रिकाम्या डिस्कपासून ४० मिनिटांत पुनर्उभारणी. रोज एन्क्रिप्टेड बॅकअप, दर महिन्याला रिस्टोअरची तपासणी.' (अॅन्सिबल म्हणजे यंत्राची मांडणी आपोआप लावणारं साधन.) आकडे खरे हवेत, कारण पुढचा प्रश्न त्यांवरच येतो : ४० मिनिटांतली सर्वांत जास्त कुठे जातात?

मुलाखतीत 'काय काय चालवता' पेक्षा 'काय मोडलं' हे जास्त विचारलं जातं. पहिल्या उत्तरातल्या शनिवारच्या त्या फाइलचा इथे उपयोग होतो. तीन-चार घटना नीट लिहून ठेवा : किती वाजता, काय दिसलं, आधी कशावर संशय गेला, खरं कारण काय निघालं, पुन्हा होऊ नये म्हणून काय बदललं. चुकलेला संशय गाळू नका, समोरच्याला तुमची विचाराची वाट तिथेच दिसते. यासोबत ब्राउझरमध्ये पत्ता टाकल्यापासून तुमच्या कंटेनरमधून पान परत येईपर्यंत काय काय घडतं हे कागदावर काढता आलं पाहिजे : डीएनएस (नावावरून पत्ता), टीएलएस (जोडणीचं कुलूप), रिव्हर्स प्रॉक्सी (विनंती योग्य सेवेकडे देणारा), डॉकरचं नेटवर्क.

कुबरनेटिस अंगणात जरूर शिका. के३एस या हलक्या कुबरनेटिसची तीन व्हीएम, प्रत्येकी २ जीबी रॅम, पुरे. घरचे फोटो मात्र त्यावर नेऊ नका. तिन्ही नोड (म्हणजे त्या तीन व्हीएम) एकाच डब्यात असताना 'एक नोड पडला तरी सेवा चालू' हे दाखवायला बरं, पण प्लग एकच आहे.

कोड सार्वजनिक गिटवर ठेवणार असाल तर डॉट-ईएनव्ही फाइल (पासवर्ड-किल्ल्यांची) पहिल्या कमिटच्या (गिटमधल्या नोंदीच्या) आधी गिटइग्नोअरमध्ये, म्हणजे वगळायच्या यादीत घाला. चुकून गेली असेल तर पुढच्या कमिटमध्ये पुसून उपयोग नाही, इतिहासात ती राहते. आधी ती किल्ली रद्द करून नवी घ्या, इतिहासाची साफसफाई नंतर.

प्रश्न : मुलगा आयटीला आहे. त्याने टेबलाखाली 'सर्व्हर' ठेवलाय. तो कॉलेजला गेला आणि ते खोकं बंद पडलं की घरातलं सगळं इंटरनेट जातं. तो म्हणतो, राउटर चालू आहे, इंटरनेट चालू आहे. मग आमचं का जातं? आणि ते दिवसभर चालू ठेवणं सुरक्षित आहे का?

उत्तर : तुमच्या मुलाने जाहिराती अडवण्यासाठी पायहोलसारखं काही बसवलं असावं. साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधण्याचं काम (डीएनएस) आता राउटरऐवजी ते खोकं करतं. खोकं बंद, की इंटरनेट असूनही कुठलाच पत्ता सापडत नाही. तांत्रिकदृष्ट्या मुलगा बरोबर आहे, पण त्याचा उपयोग कुणालाच नाही.

त्याला हे वाचायला द्या : राउटरच्या डीएचसीपीमध्ये (घरातल्या उपकरणांना सेटिंग देणाऱ्या भागात) डीएनएस पूर्वीसारखा कर, आणि पायहोलचा पत्ता फक्त स्वतःच्या लॅपटॉप-फोनवर हाताने टाक. 'दुसरा डीएनएस म्हणून बाहेरचा देतो' हा नेहमीचा उपाय अर्धाच आहे, कारण अनेक उपकरणं दुसऱ्याला राखीव मानत नाहीत, मनाला येईल त्याला विचारतात आणि जाहिराती येत राहतात. सगळ्या घराला हवंच असेल तर दोन वेगळ्या यंत्रांवर दोन पायहोल लागतील.

सुरक्षिततेबद्दल : खोक्याचा प्लग थेट भिंतीवरच्या सॉकेटमध्ये असावा, किंवा एकाच चांगल्या बोर्डावर. बोर्डाला बोर्ड जोडलेला नको. मागे-पुढे हात जाईल एवढी मोकळी जागा हवी, वर कपडे-पुस्तकं नकोत, आणि दोन-तीन महिन्यांनी पंख्यातली धूळ त्याच्याकडून काढून घ्या. लॅपटॉप असेल तर तो फुगलेला दिसतो का यावर तुमचंही लक्ष असू द्या.

कधी बंद करावंच लागलं तर प्लग खेचू नका. पॉवरचं बटण एकदाच दाबून सोडा, धरून ठेवू नका. आतली कामं आवरायला त्याला एखाद-दोन मिनिटं लागतात. दिवा विझला की मग प्लग काढा.